कासवाचं अ‍ॅव्हरेज

त्याला आधी सगळे तुफान म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. पिवळा दिवा दिसला की माणसं ब्रेकवर पाय ठेवतात. हा गडी अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या कंपनीत त्याची उभी हयात गेली, आणि तेवढ्या काळात त्याने किती क्लच जाळले नि किती टायर घासले, ते फिटरलाच विचारावं. "तुफानशेठ, गाडी माझ्या बापाची नाही, पण तुमच्याही बापाची नाही. जरा दया करा," असं फिटर हात जोडून सांगायचा. हा हसायचा आणि चावी फिरवायचा. पॅसेंजर जीव मुठीत धरून बसायचे खरे, पण वेळेआधी पोचले की वर शाबासकी देऊन उतरायचे. मग कशाला सुधारतोय माणूस?

बायको मात्र त्याच्या गाडीत बसत नसे. लग्नानंतर एकदाच बसली होती, माहेरी जायला. उतरल्यावर फाटकाचा गज धरून उभी राहिली, आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "अहो, येताना मी चालत येईन. उशीर होईल, पण पोचेन तरी." हे वाक्य तिने पुढे आयुष्यभर पाहुण्यांना ऐकवलं. तोही ते ऐकून मोठ्याने हसायचा. जित्याची खोड, दुसरं काय.

मग एक दिवस ती जिन्यात घसरली. पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या, हातात बादली, तोल गेला आणि पाठीवर आदळली. ऑपरेशन झालं. उठून बसली, काठी धरून घरातल्या घरात चालूही लागली, पण मणक्याने कायमचं वैर धरलं. दर आठवड्याला हॉस्पिटलात जायचं, पाठीत सुई घ्यायची, थोडा व्यायाम करून परत यायचं. सुईचं तिला काही वाटत नसे. जायचं कसं, ते संकट होतं. कंपनीची जुनी डिझेल गाडी सिग्नलला नुसती उभी असली तरी अंगभर थरथरायची, आणि तो प्रत्येक थरथराट तिच्या पाठीतून जायचा.

पहिल्याच फेरीला हा आपल्या नेहमीच्या पायाने निघाला. ती ओरडली नाही. हॉस्पिटलच्या दारात तिला उतरवताना त्याने पाहिलं, शालीचं टोक तिने तोंडात धरलं होतं आणि दातांनी त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.  एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या उजव्या पायाची लाज वाटली. पुढच्या फेरीला त्याने जपून चालवली, पण डिझेलचा तो खटारा काही त्याचं ऐकेना. ती तशीच शाल चावत गेली आणि तशीच आली.

अशात कंपनीत नव्या गाड्या आल्या. हायब्रिड. म्हणजे पोटात पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरी, दोन्ही. हळू चालवली की बॅटरीवर चालते, आवाज नाही, थरथर नाही. ब्रेक अलगद दाबला की चाकांच्या फिरण्यावरच बॅटरी भरून घेते. आणि पाय दाबून धरला, की इंजिन जागं होतं आणि पेट्रोल प्यायला लागतं. लंबू नावाचा त्याचा जुना सोबती, ताडमाड उंच, प्रत्येक गाडीत मान वाकवून बसणारा, त्याने पहिल्या दिवशीच निकाल दिला. "ही नवी सून आहे रे बाबा. गोडीत घेतलंस तर घर चालवेल, अंगावर धावून गेलास तर पेट्रोल मागेल."

गाड्या थोड्या आणि ड्रायव्हर ढीगभर. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "ज्याची नोकरी जुनी त्याला आधी गाडी. पण वर्षअखेरीला मी अ‍ॅव्हरेज बघणार. लिटरला जो जास्त पळवेल त्याच्याकडे ती राहील. बाकीच्यांनी मुकाट्याने डिझेलवर जायचं. गाडी घरी न्या, घरच्या कामाला वापरा, माझी ना नाही. पण ते पेट्रोलही त्याच अ‍ॅव्हरेजमध्ये धरलं जाईल."

"तुफानच्या हातात हायब्रिड म्हणजे माकडाच्या हाती कोलीत," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. तोही हसला.

त्या आठवड्यात त्याने बायकोला आपल्या वाट्याला आलेल्या नव्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे कलती केली, पाठीशी उशी दिली आणि गाडी काढली. गल्ली संपली तरी ती डोळे मिटून, शालीचं टोक दातांजवळ धरून वाट बघत होती. मग तिने एक डोळा उघडला.

"बंद पडली का?"

"चालू आहे."

"मग आवाज कुठे आहे?"

"नसतोच."

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचल्यावर तिने शालीचं कोरडं टोक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "अहो, दुखलं नाही हो."

झालं. त्या क्षणी त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली. जग इकडचं तिकडे होवो, ही गाडी हातची जाता कामा नये.

पण मनात बसलं म्हणून पायात उतरतं थोडंच? पहिला महिना अ‍ॅव्हरेज असं काही आलं, की लंबूने मुद्दाम येऊन खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. सवयीचा पाय तो, रस्ता मोकळा दिसला की दाबला जायचा. शेवटी तिनेच त्याला शिकवलं, जिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. एका फेरीला तो असाच सुसाट निघाला तेव्हा ती म्हणाली, "अहो, दूध तापवता कधी? नाही म्हणा, कधी तापवलंय! पातेल्याखालचा गॅस कसा ठेवतात, साय धरेल पण उतू जाणार नाही एवढाच. तसा ठेवा पाय."

हसाल, पण त्याला ते एका दमात कळलं. कंपनीने माणूस बोलावून दिवसभर शिकवलं तेव्हा जे डोक्यावरून गेलं, ते तिच्या पातेल्यात सापडलं.

मग दोघांचा तो खेळच झाला. समोरच्या काचेच्या पट्टीवर हिरवा दिवा लागला की गाडी बॅटरीवर आहे, एवढं तिला समजलं होतं, आणि तेवढं तिला पुरे होतं. तो दिवा विझला की ती ओरडायची, "अहो, उतू गेलं!" लांबवरचा सिग्नल लाल झालेला तिलाच आधी दिसायचा. "काढा पाय, काढा, आता नुसती घरंगळू द्या." आणि गाडी खरोखर घरंगळत सिग्नलपर्यंत जायची, ब्रेक अलगद लागायचा, बॅटरी भरायची. चढ आला की आधीच थोडा वेग घ्यायचा, चढावर दाबायचं नाही. उताराला पाय पूर्ण मोकळा. टायरची हवा तो रोज सकाळी बघायला लागला. डिकीतलं सगळं अडगळीचं सामान त्याने काढून टाकलं, कारण जेवढं वजन जास्त तेवढं पेट्रोल जास्त. जुनी छत्री, पाण्याचे कॅन, दोरखंड, कुणा पॅसेंजरने विसरलेली पुस्तकं, सगळं गेलं. "उद्या मलाही उतरवाल," ती म्हणाली. "तुझं वजन आहे कुठे," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं. औषधांनी तिला पार वाळवलं होतं.

खोटं कशाला बोला, त्यांच्या संसारातले सगळ्यांत सुखाचे दिवस ते होते. पाठीचा मणका मोडल्यावर. आता याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने म्हणावं. घरात दोघं बोलत नसत एवढं गाडीत बोलायची. लग्न होऊन दूर गेलेल्या लेकीला ती फोनवर आपलं दुखणं कमी आणि अ‍ॅव्हरेज जास्त सांगायची. डेपोत त्याचं नाव बदललं. तुफान गेलं, कासव आलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून कान किटवायच्या, लोक खिडकीतून शिव्या घालून पुढे जायचे. तो ढिम्म. फिटर तर म्हणाला, "कासवशेठ, ब्रेकचे पॅड नवेकोरे आहेत. मी आता खायचं काय?"

मग थंडी आली.

आधी तिची वेळ दुपारची असायची. सकाळी एकदोन भाडी झाली की इंजिन तापलेलं असे, आणि त्या उरलेल्या ऊबेवर हीटर फुकटात चालायचा. थंडीत हॉस्पिटलने वेळ बदलली. सकाळची पहिलीच. दुसरी जागा नाही म्हणाले. आता हायब्रिडचा हीटर कसा असतो, तर त्याला लागतं गरम पाणी आणि गरम पाण्याला लागतं चालू इंजिन. गारठलेली गाडी सकाळी काढायची आणि हीटर लावायचा, म्हणजे बॅटरी कितीही भरलेली असो, इंजिन सुरू होणार आणि केबिन गरम होईपर्यंत घरघरत राहणार. हॉस्पिटल तसं जवळच. केबिन गरम होईतो हॉस्पिटल यायचं. पेट्रोल जायचं ते जायचंच.

पहिल्या दोन फेऱ्यांना त्याने हीटर लावला. अ‍ॅव्हरेजचा आकडा असा घसरला की बघवेना. लंबूने कानात सांगितलं, "एक नवा पोरगा तुझ्या पुढे गेलाय. बिनलग्नाचा आहे, घरचं काम नाही, दिवसभर मोकळ्या रस्त्याची भाडी मारतो. सांभाळ." त्या दिवशी जेवताना तो भात नुसताच कालवत बसला. डिझेलचा तो थरथराट आणि ते चावलेलं शालीचं टोक त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. तिच्यापासून काही लपवायची सवय त्याला नव्हती. तिची गोष्ट वेगळी होती, पण ते त्याला पुढे कळायचं होतं.

पुढच्या फेरीला त्याने बटणाकडे हात नेला तोच ती म्हणाली, "नका लावू तो हीटर. डोकं दुखतं माझं त्याने."

"थंडी वाजेल गं."

"मला कुठली थंडी! शाल आहे की. तुम्ही पुढे बघा, सिग्नल लाल होतोय."

त्याला ते पटलं. पटलं म्हणजे काय, त्याला ते पटवूनच घ्यायचं होतं. भुकेला माणूस पोट भरलंय म्हणाला की ते खरं मानणारी माणसं असतात, तसा तोही मान हलवून मोकळा झाला. हिरवा दिवा लागला, गाडी आवाज न करता निघाली, आणि काचेवर आतून दोघांच्या श्वासाची वाफ साचली. ती तिने बोटाने पुसली.

असे आठवडे गेले. आकडा परत चढला. एकदा हॉस्पिटलच्या दारात तिला उतरवताना त्याने तिचा हात धरला आणि दचकला. "अगं, बर्फ झालाय हात!"

"माझे हात गारच असतात. लहानपणापासून," ती म्हणाली.

तो विचारात पडला. खरंच असतात का? एवढ्या वर्षांचा संसार, आणि आपल्या बायकोचे हात गार असतात की गरम, हे त्याला आठवेना. तेवढ्यात मागून रुग्णवाहिका आली आणि त्याला गाडी पुढे घ्यावी लागली. तो विचार तिथेच राहिला.

त्याच सुमाराला त्याचा राखाडी स्वेटर सापडेना. "दिला कुणालातरी, फार जुना झाला होता," ती म्हणाली. त्याने जरा कुरकुर केली आणि विसरून गेला.

आधी साधा खोकला होता. मग रात्रीचा ताप यायला लागला. एका सकाळी हॉस्पिटलला नेताना तिला इतकी उबळ आली की बोलता येईना, हिरवा दिवा विझला तरी तिला ओरडता आलं नाही. त्या दिवशी तिला तिथेच ठेवून घेतलं. छातीत पाणी झालं होतं. लेक धावत आली. डॉक्टर भले होते, त्यांनी बाजूला घेऊन समजावलं, "औषधांनी अंगातली ताकद गेली होती. असं होतं. नुसत्या थंडीने झालं असं काही मी म्हणणार नाही." थंडीचं नाव त्याने काढलंच नव्हतं. डॉक्टरांनी आपणहून काढलं, आणि तेवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

शेवटच्या दिवशी तिला थोडी शुद्ध होती. त्याला वाटलं आता काही संसाराचं बोलेल. तिने विचारलं, "तो पोरगा मागे पडला का?"

"पडला," तो म्हणाला.

"बघा," ती म्हणाली. संध्याकाळी ती गेली.

सगळं आटोपल्यावर लेक म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे." तो नाही म्हणाला. कामावर गेला. जायचं तर कुठे होतं? आणि गंमत बघा, गंमत कसली डोंबलाची, पाय तसाच चालत राहिला. दुधाखालच्या गॅससारखा. लांबचा सिग्नल लाल झाला की आपोआप उचलला जायचा. हीटर बंदच. मागे बसलेले पॅसेंजर कोटाची कॉलर वर करून म्हणायचे, "अहो, जरा ऊब करा की," आणि तो म्हणायचा, "बिघडलाय." शेजारची सीट अजून मागे कललेलीच होती. गाडी आतून झाडायचीही त्याला इच्छा नव्हती. ज्या माणसाने डिकीतली छत्रीही वजन म्हणून फेकली, त्याने तिच्यामागे गाडीच्या आत हात घातला नव्हता.

वर्ष संपलं. साहेबांनी सगळ्यांना परत उभं केलं आणि सांगितलं, की सगळ्या गाड्यांत कासवाचं अ‍ॅव्हरेज वरचं. गाडी त्याचीच. "शिका जरा यांच्याकडून," साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या. त्या नव्या पोरानेही मोठ्या मनाने हात मिळवला. तो खाली बघत उभा राहिला. ज्या गाडीसाठी एवढं केलं ती मिळाली, आणि जिच्यासाठी हवी होती ती नव्हती. लंबूला ते दिसलं. त्याने टाळी वाजवली नाही.

नवं वर्ष म्हणून सगळ्या गाड्या आतूनबाहेरून धुवायला काढल्या होत्या. डेपोत गाड्या धुणारी मावशी ओले हात पुसत त्याच्याकडे आली. "कासवदादा, हे तुमच्या पुढच्या सीटखाली अडकलं होतं. पॅसेंजरचं आहे का कुणाचं?"

रबराची पिशवी होती. पाठ-पोट शेकायला गरम पाणी भरतात, ती. वर शिवलेलं कापड होतं. राखाडी लोकरीचं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. कोपराशी झिजून पडलेलं भोक तिने निळ्या दोऱ्याने रफू केलं होतं, ते तसंच होतं. त्याच्याच स्वेटरची बाही. पिशवीत थोडं पाणी शिल्लक होतं, गार.

त्याने तिथेच उभ्याउभ्या लेकीला फोन लावला. "आई गाडीत गरम पाण्याची पिशवी घ्यायची?"

 लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही अंघोळीला गेलात की ती पाणी तापवायची. शालीखाली घ्यायची. तुम्हाला कळलं तर तुम्ही हीटर लावाल, म्हणायची. मला शपथ घातली होती."

"डोकं दुखतं म्हणाली होती मला."

"नव्हतं दुखत."

"मग गार वाजत होतं तिला."

"हो, बाबा," लेक म्हणाली आणि रडायला लागली.

त्याने फोन ठेवला. गाडी धुऊन डेपोच्या आवारात उभी होती, काचांवरून पाणी निथळत होतं. तो आत बसला, दार लावून घेतलं आणि हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. इंजिन घरघरत जागं झालं. हवेच्या जाळ्या त्याने एकेक करून शेजारच्या सीटकडे वळवल्या, पायाशी वारा येतो तीही. सीटवर ती पिशवी ठेवली. आधी गार हवा आली, मग कोमट, मग गरम. समोरच्या पट्टीवरचा आकडा खाली यायला लागला. गाडी जागची हलत नव्हती आणि पेट्रोल जळत होतं. तो त्या आकड्याकडे बघत राहिला. एवढं साधं होतं ते. एक बटण होतं. आयुष्यभर बेफाम पेट्रोल जाळलं, कुणाकुणाची विमानं गाठून दिली, परक्यांच्या बैठकांना वेळेवर पोचवलं, आणि जिला ऊब द्यायची तिच्याच वेळी हात आखडला. त्याला रडू फुटलं, अगदी लहान मुलासारखं. काचा आतून वाफेने भरल्या, पण त्या पुसायला कुणी नव्हतं.

लंबूने खिडकीवर टकटक केलं. काच खाली आली तशी गरम हवेची लाट त्याच्या तोंडावर आली.

"अरे, घामाने निथळतोयस तू! आणि जागेवर उभं राहून इंजिन जाळतोस? नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी अ‍ॅव्हरेजची वाट लागेल की."

"लागू दे," तो म्हणाला. "बसायचं तर बस, नाहीतर जा. काच वर करू दे. गार वारा आत येतो."

लंबूने पुढचं दार उघडायला हात घातला. सीटवरची पिशवी आणि तिच्याकडे वळवलेल्या जाळ्या त्याला दिसल्या. त्याने हात मागे घेतला, मागचं दार उघडलं आणि मान वाकवून मागे बसला.